बावन्न किलोंच्या उलांड्या

आत्याची निमुळती होडी अंगणात विटांवर ठेवलेली होती आणि काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, तिच्याशेजारी मातीची दोन पोती आणून टाकली होती.

"हिच्यात टोमॅटो झकास येतील," ते म्हणाले.

कानाच्या दुखण्यानंतर आत्याचा तोल जायचा. महिन्याभरात ती दोनदा तळ्यात पडली होती. शेवटी काकांनी अट घातली. रविवारी तळ्यातल्या लाल पिंपाला वळसा घालून ती कोरडी परत आली तर होडी तिची, नाहीतर टोमॅटोंची.

भाचीने काम अंगावर घेतलं. नुकतीच पदवी घेतलेली, प्रत्येक गोष्ट मोजणारी. काका तिला दशांशबाई म्हणत. होडी उलटू नये म्हणून बाजूला दांडीवर तरंडा बांधतात, ती उलांडी. एक बांधावी की दोन? आत्याचा तोल कुठल्या बाजूला जाईल हे आत्यालाच माहीत नसायचं, म्हणून दोन. हवा भरायचे तरंडे उन्हात फुगतात, म्हणून कडक फोमचे. वल्हं आपटू नये म्हणून दांडी बैठकीच्या मागे.

"लहान पोरांच्या सायकलला असतात तसली चाकं लावतेस होय मला?" आत्या फुरंगटली.

"चाकं टेकतात. हे पाण्यापासून एक सेंटिमीटर वर राहणार. होडी कलली तरच टेकणार. होडी किती बुडेल ते काढायला तुझं वजन सांग."

काका वर्तमानपत्र खाली करून बघू लागले.

"बावन्न," आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली.

रविवारी आत्या होडीत बसली आणि दोन्ही तरंडे पाण्यात टेकले. दहा हात वल्हवून ती धापा टाकत परत आली.

"ही होडी नाही, रेडा आहे! हलतच नाही. पडत नाही हे खरं, पण यापेक्षा टोमॅटो बरे."

"मी काय म्हणत होतो?" काका काठावरून म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा पडला होता.

भाचीने वही तपासली. गणित बरोबर होतं. मग वाकून तिने होडीच्या कडेला पाणी कुठवर चढलंय ते पट्टीने मोजलं. एकदा. पुन्हा एकदा. हळूच वर बघितलं.

"आत्या, पाणी खोटं बोलत नाही गं."

आत्याचा चेहरा लाल पिंपासारखा झाला. तिने काकांकडे एक नजर टाकली, भाचीचा कान ओढून जवळ घेतला आणि त्यात एक आकडा सांगितला.

"बापरे!"

"बापरे काय? हाडं जड आहेत माझी."

भाचीने आठ नट सैल करून तरंडे वर घेतले. या वेळी होडी सुळकन निघाली. पिंपाजवळ आत्या डावीकडे झुकली, तरंडा पाण्याला टेकला, होडी सावरली, आणि तिचं खळखळून हसणं काठापर्यंत ऐकू आलं.

काका भाचीजवळ सरकले. "दशांशबाई, तरंडे किती सेंटिमीटर वर घेतलेस? मीही शाळेत गणितात बरा होतो, म्हटलं."

भाचीने वही मिटली.

"थोडेसे," ती म्हणाली.