परत मिळणारा तास

उतारावरच्या बर्फाच्या जुन्या वखारीत त्या दुपारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. प्रत्येकाच्या हातात बंद केलेला फोन, आणि समोर, नदीकडे उघडणाऱ्या एकुलत्या एका खिडकीपाशी, उंच खुर्चीवर काळबाबा.

"करा चालू," बाबा म्हणाले.

फोन चालू झाले. सगळे पडद्यावर डोळे लावून बसले. मग पहिल्या रांगेतल्या वकीलसाहेबांचा आवाज चिरकला, "गेला. तास मागे गेला." बघता बघता सगळी वखार एकमेकांना फोन दाखवू लागली. बाहेर चार वाजले होते आणि आत प्रत्येकाच्या फोनवर तीन.

"काळ म्हणजे कापड," बाबा डोळे मिटून म्हणाले. "तुम्ही आयुष्य नुसतं शिवत सुटता. मी एक टाका उसवतो. असे उसवत गेलो की आजार जिथून सुरू झाला त्याच्याही मागे तुम्हाला नेऊन सोडतो. रिकाम्या हाताने मात्र येऊ नका, काळाला ते आवडत नाही."

माझ्या शेजारी बसलेली आत्या शिवणकाम करते. कापडाचं नाव काढल्यावर ती विरघळलीच. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे मला विरघळायला जरा वेळ लागतो.

बाबांकडे प्रत्येक शंकेला उत्तर तयार होतं. मनगटी घड्याळं चपलांबरोबर बाहेर ठेवायची, कारण धातूमुळे काळ बुजतो. पोस्टमनकाकांनी फोनची वेळ हाताने लावलेली, ती जागची हलेना. बाबा म्हणाले, तुमचं कर्म जड आहे. पतपेढीच्या मॅनेजरच्या फोनवर 'सेवा उपलब्ध नाही' असं आलं, तर बाबांनी त्याला आठवडाभर वखार झाडायला लावली. आणि चढण चढून रस्त्यावर आलं की सगळ्यांचे फोन पुन्हा गुमान बाहेरची वेळ दाखवायचे, त्याचं काय? "तास तुमच्या अंगात मुरला," बाबा म्हणाले. "फोनला काय कळतंय?"

मला हसू आलं असतं, पण आत्याच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली वाचवायची असेल तर ऑपरेशनला उशीर नको. तारीख मिळाली होती गुरुवारची. नदीपलीकडच्या कारखान्याचा नऊचा भोंगा झाला की मशीनवर बसणारी ही बाई आता सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची. चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा आणि ती चौकटीलाच शिव्या द्यायची.

"गुरुवारी मी दवाखान्यात जाणार नाही," घरी आल्यावर ती म्हणाली. "बाबांनी सकाळी बोलावलंय. माझ्यासाठी मोठा टाका उसवणारेत."

"आत्या, अगं डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. ते कापणार. बाबा कापत नाहीत."

मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिला भूल देतात त्या खोलीची धास्ती होती, आणि बाबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. भांडून काही होणार नाही हे मला कळलं. मी म्हटलं, "ठीक आहे. पण मीही येणार. आणि तिथे तुझं समाधान झालं नाही, तर तसंच दवाखान्यात जायचं. बॅग बरोबर घेऊ."

"घे बाई. ओझं तूच उचलायचंस."

मी बॅग भरली. तिच्या साड्यांच्या घडीत तिचंच जुनं गजराचं घड्याळ गुंडाळून ठेवलं आणि गजर तिच्या नेहमीच्या नऊला लावला.

गुरुवारी सकाळीही वखार भरली होती. बाबांनी आत्याला पुढे बसवलं. फोन चालू झाले, तास मागे गेला, वकीलसाहेबांनी नेहमीप्रमाणे उसासा टाकला. "आठ वाजायला आलेत," बाबा हात वर करून म्हणाले. "या बाईचा गेलेला तास मी हिच्या ओटीत..."

बॅगेतून गजर खणखणला. आणि त्याच दमात खिडकीतून, पाण्यावरून, कारखान्याचा भोंगा आला.

"घड्याळ कोणी आणलं?" बाबा खेकसले.

आत्याने कान टवकारले होते. "नऊ झाले," ती म्हणाली.

"आठ झालेत, माउली. फोन बघा. भोंगासुद्धा मागे आला."

"भोंगा मागे आला, मग माझा गजर कसा नाही आला? ते घड्याळ माझंय. आवाज ओळखते मी." तिने फोन डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ तसाच धरला. "नदीपलीकडे, त्यांच्या देशात, हा आठचा भोंगा म्हणतात. त्यांची घड्याळं आपल्या तासभर मागे असतात, लहानपणापासून ऐकतेय. मग आमच्या फोनवर तिकडची वेळ कशाला आली?"

नेमका हाच प्रश्न मी किती दिवस वर्गातल्या मुलांकडून काढून घ्यायला बघते, तो आत्याने एका भोंग्यात विचारला. मी उठले आणि खिडकीचं लोखंडी शटर खाली ओढलं.

अंधार झाला. बाबा ओरडले, "ए, खिडकी उघड." पण लोक आपापले फोन बघत होते. एकाची रेंज गेली, मग दुसऱ्याची, मग रांगेने सगळ्यांची.

"ही तर माझीच सेवा उपलब्ध नाही," मॅनेजर अंधारात म्हणाला.

मी सांगितलं ते एवढंच. आपल्या कंपनीचा टॉवर टेकडीमागे आहे आणि ही वखार उतारात खोदलेली, त्यामुळे त्याची रेंज इथे पोचत नाही. फोन चालू झाला की आधी आपल्या घरचं नेटवर्क शोधतो. ते सापडलं नाही, तर ज्या परक्या नेटवर्कशी आपल्या कंपनीचा करार आहे ते धरतो. यालाच रोमिंग म्हणतात. खिडकीसमोर नदीपलीकडचा टॉवर उभा आहे, म्हणून फोन तो पकडतो, आणि टॉवर त्याला तिकडची वेळ कळवतो. चढण चढलं की तिकडची रेंज तुटते, फोन पुन्हा घर शोधतो आणि घरची वेळ लावतो. मॅनेजरच्या सिमला रोमिंगच नव्हतं, आणि पोस्टमनकाकांनी वेळ हाताने लावली होती. दारात फोन बंद करायला का सांगतात, तेही ओळखा. आपल्या नेटवर्कची बारीकशी रेंज असली तरी फोन तिला चिकटून राहतो. तो सुटा करून आत आणायचा.

"म्हणजे माझं कर्म हलकं आहे तर," पोस्टमनकाका म्हणाले, आणि वखारीत पहिल्यांदा हशा पिकला.

बाबांनी तेवढ्यातही प्रयत्न सोडला नाही. "टॉवरला तरी बुद्धी कोण देतो?" ते म्हणाले. वकीलसाहेब मान डोलावणार होते, पण शेजारच्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की मान मध्येच थांबली.

आत्या भिंतीला हात धरून उठली. "बाबा, मी जन्मभर कापड उसवत आलेय," ती म्हणाली. "उसवलं तरी सुईची भोकं राहतात. माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग माझ्याकडे वळली. "दहाला बोलावलंय ना डॉक्टरांनी? चल लवकर. आणि माझा हात धर, मला भीती वाटतेय."

आम्ही वेळेत पोचलो. ऑपरेशन झालं. कडेची जी नजर गेली होती ती गेलीच, अजूनही चौकट अधूनमधून शिव्या खाते. पण जी उरली होती ती राहिली. परवा तिने मला हाक न मारता सुईत दोरा ओवला आणि मला दिसेल असा मुद्दाम वर धरला.

बाबा दुसऱ्या कुठल्या तरी नदीकाठी गेल्याचं ऐकते. दोन देशांच्या मध्ये वाहणाऱ्या नद्या काही थोड्या नाहीत, तेव्हा तुमच्याकडेही ते येतील. आले तर भांडू नका. जे दिसतंय ते कुठून येतंय एवढं विचारा, आणि हात जोडायच्या आधी एकदा उठून खिडकी लावून बघा. तोवर डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.