फोटोतून पुसलेला दोर

मी एक जुना दोर आहे, मित्रांनो. एके काळी निळा होतो, आता मळून राखी झालो आहे. कारखान्यात बारीक धाग्यांची वेणी घालून, वर जाड विणीचे कवच चढवून मला घडवले. ताण बसला की मी थोडा लांबतो, म्हणजे पडणाऱ्याला हिसका बसत नाही. या गुणाचा मला फार गर्व होता.

मला विकत घेतले एका लेथ चालवणाऱ्या तरुणाने. कड्याला चिकटून चढायचा म्हणून त्याला सगळे पाल म्हणत. कामावरून सुटला की तो मला खांद्यावर टाकून निघे. कड्याच्या माथ्यावरच्या कडीतून मी खाली येई. एक टोक त्याच्या कमरेला, दुसरे त्याच्या ताईच्या हातात. ताई शिवणकाम बाजूला ठेवून, लहानग्या लेकीला शेजारणीकडे सोडून येई.

कड्याच्या मध्यावर एक फुगवटा होता. तिथे पाल किती वेळा सुटला, गणतीच नाही. दर वेळी ताईने मला आवळले आणि आम्ही दोघांनी त्याला झेलले. तिच्या तळहातांना इतके घट्टे पडले की सुई धरताना बोटे वळेनात.

"आज पुरे रे," ती म्हणे.

"एकदाच, ताई. डावा पाय चुकतोय."

घरी तो दाराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळत राही. अखेर एके दिवशी तो एकदाही न सुटता माथ्यावर पोचला. खरे धाडस हे असे रखडत, पडत येते.

त्या चढाईचे फोटो काढणारा फोटोग्राफर म्हणाला, "फोटोतला दोर पुसून टाकतो. दोर दिसला की त्यात काय दम राहतो?"

पालने ताईकडे पाहिले. ती मला गुंडाळत होती. त्याने होकारार्थी मान हलवली.

पोस्टर छापले गेले. उघडा कडा आणि एकटा माणूस. सत्कार झाले, गळ्यात हार पडले. मी खुंटीवर गेलो आणि ताई शिलाई मशीनवर. गरज सरो, वैद्य मरो. तेवढे दुःख मी गिळलेही असते.

पण ते पोस्टर ताईच्या घरी, माझ्या खुंटीशेजारच्या भिंतीवर लागले. लेक त्याच्याकडे बघत मोठी झाली. एकदा पाहुण्यांसमोर तिने विचारले, "मामा, खरंच दोर नव्हता?"

मामा हसला. "तुला दिसतोय का कुठे?"

पाहुणेही हसले.

सुट्टीतल्या एका सकाळी ती माझ्यासमोरून एकटीच कड्याकडे निघून गेली. माझ्याकडे तिने बघितलेसुद्धा नाही. त्याच फुगवट्यावर तिचा हात सुटला. खाली कुणी नव्हते. ती वाचली, पण कमरेखालचे अंग गेले.

पालने पोस्टर फाडले आणि तो ताईसमोर उभा राहून रडू लागला. ताई मला त्याच्या हातात देत एवढेच म्हणाली, "छताला हुक नीट ठोक. वजन पेलायला हवं."

आता मी त्या मुलीच्या पलंगावर लटकतो. रोज सकाळी ती मला धरून उठून बसते. मी लांबतो, आणि तिला दोनदा ओढावे लागते. ज्या गुणाचा गर्व होता, त्याचाच आता राग येतो.

मित्रांनो, धाडसाचे चित्र पाहाल तेव्हा जरूर विचारा, दोर कुठे आहे आणि तो कोणी धरला होता. तिनेही विचारले होते. म्हणून उद्या मोठे झाल्यावर तुम्हाला कुणी असे विचारले, तर हसू नका.