मनकर्णाबाईंच्या विहिरीचं पिवळं पाणी

घरात कोणाचं दुखलं-खुपलं की आपण आधी दृष्ट काढतो, पाण्याकडे मात्र सगळ्यात शेवटी पाहतो. अकोटच्या मनकर्णाबाईंकडेही तेच झालं. सून शकुनला सातवा महिना. तोंडात फोड, पोटात सारख्या कळा.

विहिरीचं पाणी दोन महिन्यांपासून पिवळसर येत होतं. बाईंनी ते पाहिलं होतं. पण पटकीच्या साली सरकारी माणसांनी विहिरीत लाल दवा टाकली, आणि घरात कोणी दगावलं नाही. तेव्हापासून रंगीत पाणी म्हणजे औषधी पाणी, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. सुनेला त्या एक तांब्या जास्तच पाजत.

एके सकाळी नगरपालिकेचे जानराव बाटल्या घेऊन आले.

"माह्या विहिरीची परीक्षा घेऊन राहिला का तू? चार गल्ल्या पितात हे पाणी."

"म्हणूनच आलो, मावशी. चार गल्ल्यांतली लेकरं ओकून राहिली."

"मंग तुमचीच दवा असंन ते."

"औंदा आमी थेंब नाही टाकला. आन लाल दवाचा रंग दोन दिसात जाते. हे पिवळं काहून?"

दारातून शकुन म्हणाली, "घेऊ द्या ना, आत्याबाई. चांगलं असंन तर चांगलंच निघंन."

जानरावांनी मारुतीच्या विहिरीचं आणि या विहिरीचं पाणी दोन बाटल्यांत घेतलं. दोन्हींत एकच औषध टाकलं. मारुतीच्या विहिरीची बाटली चांगल्या पाण्यासारखी नुसती दुधाळ झाली. दुसरी हळदीसारखी पिवळीजर्द!

"रंगाच्या भट्टीतलं लाल कसीस हाय हे, पाण्यात पिवळं होते. कापडाचा रंग पक्का करते, पोटात गेलं तर जहर. उकळून बी जात नाही."

भट्टी बाईंच्या धाकट्या भावाची, खुशालरावची. विहिरीमागची जागा बाईंनीच दिलेली, आणि भट्टीचं सांडपाणी तिथंच जमिनीत मुरत होतं.

"म्हंजे मीच पाजलं व तुले," त्या शकुनला एवढंच म्हणाल्या, आणि तडक भट्टीवर गेल्या.

"खुशाल, आजच्या आज भट्टी उठव."

"अक्का, हळू बोल. गावात इज्जत जाईन आपली."

"तुही इज्जत कोण पिऊन राहिलं रे? पाणी पिऊन राहिले लोक."

परत येऊन त्यांनी दोर काढला, विहिरीवर बोरीच्या काट्या टाकल्या. घागर घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "माह्या विहिरीचं पाणी नासलं. मारुतीच्या विहिरीवर जा." मग वीस वर्षांत पहिल्यांदा डोक्यावर घागर घेऊन त्याही निघाल्या, सुनेसाठी.

बायाबापड्यांनो, पाणी डोळ्यांनी पारखता येत नाही, अभिमानानं तर नाहीच. ते तपासून घ्यावं. विहीर आपली असेल तर सगळ्यांच्या आधी.