दुसरा वन्स मोअर

गद्य नाटकं बसवणाऱ्याने संगीताच्या वाटेला जाऊ नये, हे अनिरुद्धला लोकांनी परोपरीने सांगितलं होतं. पण ऐकेल तर तो अनिरुद्ध कसला! त्याच्या बोरिवलीच्या संस्थेत तोवर सगळं सोपं होतं. कुणाला डेंग्यू झाला की संस्थेतल्या जुन्या जानकीने पाठांतर करून उभं राहायचं, प्रवेश लांबला की कापून टाकायचा. संगीत नाटकात ही सोय नाही. नायिका झालेली संघमित्रा काळी चारच्या पट्टीत गायची आणि ऑर्गनवाले लवूकाका, तबला, कोरस, सगळे तिच्या पट्टीला बांधलेले. तिच्या जागी दुसरी कुणी उभी राहणं शक्य नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा मुलुंडच्या नाट्यगृहाची तारीखही लागली होती.

संघमित्राचे वडील धोंडिराम घाटकोपरला इस्पितळात होते. आयुष्यभर जलशांत गायलेला माणूस. पोरीला गळा त्यांनीच दिला, आणि रियाझाला पहाटे उठवायचा जाचही. त्या दिवशी सकाळी त्यांना बरं वाटत होतं, म्हणून तर ती प्रयोगाला आली. पहिल्या घंटेआधी सगळ्यांचे मोबाइल अनिरुद्धच्या पिशवीत जमा व्हायचे. संस्थेचा नियमच होता तसा.

तिसरा अंक सुरू व्हायच्या बेतात असताना पिशवीत तिचा फोन थरथरू लागला. अनिरुद्धने उचलला. तिचा भाऊ सुयोग होता.

"सर, बाबांचं काही खरं नाही. सारखं तिचं नाव घेतायत. लगेच पाठवा ना तिला, नाहीतर फोनवर तरी बोलू द्या."

"पाठवतो," अनिरुद्ध म्हणाला.

आणि पाठवलं नाही. संघमित्रा चार पावलांवर आरशासमोर गजरा नीट करत होती. शेजारी उभ्या जानकीने सगळं ऐकलं होतं. तिने त्याचा दंडच धरला.

"सांग तिला. आत्ता."

"रडली तर गाणार कशी? दाटलेल्या गळ्याला सूर लागतो का? एकच पद उरलंय. मग माझ्या गाडीने सोडतो."

"अरे, फोनवर बोलू दे तरी!"

"बोलली की रडणारच ना!"

जानकी संघमित्राकडे वळली, तेवढ्यात घंटा झाली. पहिला प्रवेश जानकीचाच होता. ती रंगमंचावर गेली, आणि शेवटच्या पदापर्यंत तिला आत यायला सवड नव्हती.

नाटक त्या पदावरच संपायचं. पद सुरेख झालं. देवा, इतकं सुरेख व्हायला नको होतं. तान संपली आणि मागच्या रांगेतून आरोळी आली, "वन्स मोअर!" गद्यात ही भानगड नसते. लोक टाळ्या वाजवतात आणि गप्प बसतात. इथे आरोळी आली की ऑर्गन पुन्हा सूर धरणार, दिग्दर्शकाला कोण विचारतो? संघमित्रा पुन्हा गायली. पुन्हा आरोळी. पडदेवाला अनिरुद्धकडे बघत होता. एक खूण केली असती तर पडदा पडला असता. अनिरुद्धने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. अशी दाद त्याच्या कुठल्याच नाटकाला मिळाली नव्हती, आणि ती अजून थोडी हवी होती मेल्याला. संघमित्राने तेच पद तिसऱ्यांदा घेतलं.

पडदा पडल्यावर ती हसत आत आली, घामाने चिंब. अनिरुद्धने फोन पुढे केला.

सुयोग बोलत राहिला, ती ऐकत राहिली. मग तिने एवढंच विचारलं, "कधी?" आणि उत्तर ऐकून फोन कानावरून काढला.

"पाच मिनिटं झाली," ती म्हणाली. "म्हणजे दुसरा वन्स मोअर चालू होता." मग अनिरुद्धकडे बघून, "पाठवतो म्हणाला होतात त्याला."

अनिरुद्ध पिशवीतले बाकीचे मोबाइल काढू लागला.

"मागच्या नाटकाच्या वेळी दशरथदादाची आई गेली, तेव्हा प्रयोग चालू असतानाच सांगितलंत त्याला. सांगितलंत ना? त्याने केला ना पुढचा अंक?"

"त्याला गायचं नव्हतं गं," अनिरुद्ध म्हणाला.