विषहारी महाराजांचं लाल फडकं

"इला! इला! विष भायर इला!"

देवगडजवळच्या हापूसच्या बागेत घातलेला मांडव या आरोळीने दणाणला. विषहारी महाराजांनी हातातलं पांढरं फडकं उंच धरलं. नुकतंच ते तीर्थात बुडवून नर्मदाच्या हळद फासलेल्या पाठीवरून फिरवलं होतं आणि आता लालभडक दिसत होतं. बायका हात जोडून रडू लागल्या. कॅन्सरशी जुनी ओळख असल्यासारखे महाराज डोळे मिटून म्हणाले, "घाबरलाय तो. बोचकं बांधतोय."

नर्मदा माझी धाकटी बहीण. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि माझ्याच घरातलं माणूस त्या ढोंग्यापुढे बसलं होतं. तिच्या स्तनाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. तिच्यावर उपचार करणाऱ्या इथल्या डॉक्टर किशोरींनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, सुदेशला, स्पष्ट सांगितलं होतं, "आजार बरा होणार नाही. पण मणक्याला लवकर शेक दिला, म्हणजे रेडिएशन, तर दुखणं पुष्कळ कमी होईल. पायही वाचतील. कोल्हापूरच्या कॅन्सर हॉस्पिटलात मी फोन करते, तुम्ही निघा."

सुदेशने पहिलं वाक्य ऐकलं आणि तिथेच थांबला. महाराज म्हणाले, "मी बरा करतो." खरं बोलणारी हरली, थापाड्या जिंकला.

"बरा होणा नाय, मगे तेका इतक्या लांब कशाक न्हेवचा?" सुदेश मला म्हणायचा. "मांडवातसून इला काय गप निजता, बघा."

एका सकाळी नर्मदाचा फोन आला. "दादा, पायांत मुंग्यो येतत. उभ्या रवाक जमणा नाय. म्हाराज म्हणतत, रोग पायांतसून भायर जाता."

मी डॉक्टरांना कळवलं.

"गाठ मज्जारज्जूवर दाबतेय," त्या म्हणाल्या. "उशीर झाला तर पाय कायमचे जातील. कुठे आहे ती?"

तोवर सुदेशने तिला रिक्षात घालून मांडवात नेलं होतं. मी आणि डॉक्टर थेट तिथे गेलो.

डॉक्टर सरळ पुढे झाल्या. महाराजांचा पट्टशिष्य दत्तप्रसाद, धडधाकट गडी, ताट धरून उभा होता. त्यातली हळद घेऊन त्यांनी त्याच्याच दंडाला फासली, फडकं तीर्थात बुडवलं आणि दंडावरून फिरवलं. फडकं लाल!

"अरेरे, दत्तप्रसाद, तुम्हालाही कॅन्सर?"

मग त्यांनी मांडवाच्या बांबूला हळद फासून तीर्थात भिजवलेलं कोरं फडकं फिरवलं. पुन्हा लाल. "यालाही झालाय. बसवा पाटावर!"

"त्या बांबूत बाधा आहे," महाराज घाईघाईने म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

"बाधा नाही, तीर्थात चुना आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की ती लाल होते. हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतं, बायांनो, तुम्ही रोज बघता."

सुदेशचा चेहरा उतरला. "पण मगे दुखणा कसा कमी होता?"

"इथे आणण्याआधी तिला काय देता?"

"तुमची दुखण्यावरची गोळी," तो पुटपुटला. "नायतर रिक्षात बसाक जमणा नाय."

गोळी डॉक्टरांची, जयजयकार या भामट्याचा! महाराज तीर्थाचं भांडं उचलून मागच्या बाजूने सटकत होते. बायकांनीच वाट अडवली.

आम्ही तिथूनच कोल्हापूरला निघालो. पोचल्याबरोबर तपासणी होऊन शेक सुरू झाला. हळूहळू वेदना ओसरली, उजव्या पायात ताकद आली. डावा गेला तो गेला. वेळेवर आली असती तर बहुधा तोही वाचला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. सुदेश बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. मला त्याची कीव आली. त्या बुवाची येत नाही. माझ्या बहिणीचा पाय त्याने चोरला.

नर्मदा पुढे काही महिने जगली. काठी घेऊन परसात जायची, कढीत मीठ कमी पडलं म्हणून सुदेशला फैलावर घ्यायची. गेली ती घरात, आपल्या माणसांत, कण्हत नव्हे.

आजार बरा होणारा नसला, तरी दुखणं कमी करण्याचे उपाय असतात आणि ते वेळ गेल्यावर करून भागत नाही. तुमच्या घरात कॅन्सरने कुणी तळमळत असेल, तर डॉक्टरांना विचारा, "शेकाने आराम पडेल का?" हो म्हणाले, तर त्याच दिवशी निघा.