गाऱ्हाण्यात घातलेलं पोर

रुचिराचं लग्न ठरलं ते साल दोन हजार बावीस. तिच्या वडिलांच्या, जयवंत परबच्या, दिंडोशीच्या घरात त्या रविवारी सकाळपासून धांदल होती. मुलाकडची माणसं साखरपुड्याचं बोलायला यायची होती. जयवंतच्या बायकोने, जानकीने, घावणे घातले होते, काळ्या वाटाण्यांची उसळ रटरटत होती. जयवंत गोरेगावच्या एका स्टुडिओत लाइटमन होता. आज रजा घेऊन तो घरातल्या खुर्च्या पुन्हा पुन्हा हलवत होता.

बाहेरच्या खोलीत त्याचे वडील सीताराम सुपारी कातरत बसले होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला त्यांचाच तरुणपणचा फोटो होता. अंगावर भरजरी पातळ, नाकात नथ, मानेवर अंबाडा. गिरणीत होते तेव्हा सीताराम दरवर्षी रजा टाकून गावच्या जत्रेला जात आणि रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकात राणीचं काम करत. घरी येणाऱ्या पाहुण्याला तो फोटो दाखवायचा ही जयवंतची सवय. पाहुणा विचारी, ही कोण बाई? मग जयवंत छाती काढून सांगे, "आमचे बाबा."

त्या दिवशीही फोटो दाखवून झाला. मुलाच्या वडिलांनी सीतारामना हात जोडले. मग साखरपुड्याच्या हॉलचे फोटो दाखवायला जयवंतने टीव्ही लावला, आणि पडद्यावर भलतंच काही आलं.

रुचिराचा धाकटा भाऊ सुशांत आतल्या खोलीत होता. तो एका ऑफिसात जाहिरातींची चित्रं रंगवी आणि सुटीच्या दिवशी इंटरनेटवरचा एक खेळ खेळे. गावोगावची माणसं आपापलं पात्र घेऊन त्या खेळात एकत्र लढतात, एकमेकांशी बोलतात. पाहुणे ठरल्या वेळेआधीच आले होते आणि कानांवर हेडफोन असलेल्या सुशांतला ते कळलंच नव्हतं. आदल्या दिवशी त्याने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला होता, तो तसाच राहिला होता.

पडद्यावर हिरव्या लुगड्यातली, लांब केसांची एक वैद्यीण जखमी शिपायांमध्ये उभी होती. टीव्हीतून कुणा मुलीचा आवाज आला, "कालिंदी, मी मरतेय यार, लवकर ये ना." आणि सगळ्या खोलीने ऐकलं, आतल्या खोलीतून सुशांत मऊ आवाजात म्हणाला, "आले गं, घाबरू नकोस. मी आहे ना."

मुलाच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. "परब, मुलगी तर एकच दाखवलीत. ही दुसरी कोण?"

सगळे हसले. त्यात वाईट मन कुणाचंच नव्हतं. लग्नही मोडलं नाही, साखरपुड्याची तारीख त्याच बैठकीत ठरली. पण पाहुण्यांना खाली सोडून वर आलेल्या जयवंतचा चेहरा काळा पडला होता.

त्याने सुशांतला समोर बसवलं. खेळात पुरुष मिळत नाहीत का, असं विचारलं. सुशांत म्हणाला, मिळतात, आधी घेतला होता, पण त्यात तो परक्यासारखा वावरत होता.

"म्हणजे काय?"

"बाबा, तिथे मला सगळे कालिंदी म्हणतात. मला तेच माझं नाव वाटतं. खेळ बंद केला तरी वाटतं." मग त्याने भिंतीकडे बोट केलं. "आजोबा नेसले तर तुम्ही फोटो लावता."

"ती कला होती. सकाळी रंग पुसला की ते पुरुष होते."

"विचारा त्यांना."

सीतारामनी वर पाहिलं नाही. अडकित्ता चालू राहिला. त्या संध्याकाळी कॉम्प्युटर माळ्यावर गेला आणि गावी एका मुलीसाठी फोन झाला. लग्न लावून दिलं की पोरगा सुधारतो, असं जयवंतला मनापासून वाटत होतं. त्या परक्या मुलीचं पुढे काय होईल, हे घरात कुणीच विचारलं नाही.

मग गणपती आले. परबांच्या घरी आरती झाली की गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता हात जोडून देवापुढे घरातल्यांच्या अडचणी नाव घेऊन मोठ्याने मांडतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची रीत नाही. सीतारामना दम पुरेनासा झाल्यापासून हा मान जयवंतकडे आला होता. खोलीत भाऊबंद, शेजारी, रुचिराचं होणारं सासर, सगळे होते.

रुचिराच्या लग्नासाठी मागून झालं, आणि मग जयवंतचा आवाज चढला.

"आणि ह्या सुशांतच्या अंगात जा काय बायलपण शिरला हा, ता काढून टाक, आणि फुडच्या चवतीच्या आत तेचा लगीन होऊंदे रे म्हाराजा."

मग खोली एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

सुशांत आजोबांच्या ओठांकडे पाहत होता. तेही हलले.

प्रसाद न घेता तो खाली उतरला आणि परत आला नाही. चेंबूरला श्वेता नावाची मुलगी आईबरोबर राहत होती. खेळात कालिंदीला हाक मारणारी तीच. त्या मायलेकींनी त्याला एक खोली दिली. रुचिराच्या लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला सख्खा भाऊ नव्हता. चुलतभाऊ निलेशने तो पिळला. लोकांनी विचारलं तेव्हा जयवंतने सांगितलं की सुशांत दुबईला आहे. बापाचं हे खोटं रुचिराने हार गळ्यात असताना ऐकलं आणि मान खाली घातली.

आपल्यातल्या पुरुषाने रंग लावून राणी व्हावं, गावाने तिच्या पाया पडावं, यात आपल्याला काही कमी वाटत नाही. आपल्याच पोराने तेच खरं म्हणून सांगितलं की मात्र आपण देवाला साक्षी ठेवून त्याला घराबाहेर काढतो, आणि या काढण्याला प्रार्थना म्हणतो.

पुढच्या वर्षी चतुर्थीला आरती झाली आणि जयवंत पुढे सरकला, तेव्हा सीताराम खुर्चीचा हात धरून उठले. गिरणीतल्या कापसाने त्यांची छाती खाल्ली होती. आज मी घालतो, एवढंच ते म्हणाले.

"बा देवा म्हाराजा, गेल्या चवतीक ह्या घरान एका पोराचा गाऱ्हाणा घातल्यान. मीपण व्हय म्हटलंय. ता परत घेतंय रे म्हाराजा."

सीतारामनी दम घेतला.

"जत्रेत मी राणीचा काम करी होतंय. सकाळी रंग पुसताना माका रडाक येय. ह्या मी कोणाक सांगूक नाय. आमचा कालिंदी खय असात थय सुखी रवांदे, आणि ह्या घराचो दरवाजो तेका उघडो रवांदे रे म्हाराजा."

समईची वात फडफडत होती. माणसं एकमेकांकडे पाहत होती. स्वयंपाकघराच्या दारातून जानकी म्हणाली, "व्हय म्हाराजा." पाठोपाठ रुचिरा म्हणाली. मग कोपऱ्यातून दोघंतिघं, चोरून म्हटल्यासारखं. जयवंत आरतीचं ताट धरून उभा होता. त्याचे ओठ मिटलेले होते.

जानकीने फोन केला. दुसऱ्या दिवशी कालिंदी आली. केस मानेपर्यंत वाढलेले, अंगात साधा पंजाबी ड्रेस. जयवंत गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि ती जाईपर्यंत आत आला नाही. सीतारामनी तिला जवळ बसवून घेतलं. खेळात ती काय करते, असं त्यांनी विचारलं. जखमा बऱ्या करते, ती म्हणाली. त्यांनी तिचा हात बराच वेळ धरून ठेवला.

"माका तेव्हा बोलाक होया होता," ते म्हणाले.

"आता बोललात ना, आजोबा."

ती जमेल तशी येत राहिली. दर खेपेला जयवंत गॅलरीत जाई.

सीताराम परब दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, दिंडोशीच्या घरी वारले. त्यांच्या गाऱ्हाण्याला त्यांच्या मुलाने तोपर्यंत व्हय म्हटलेलं नव्हतं.