समोवारातलं मीठ

मित्रांनो, काचेच्या कपाटात क्रिकेटच्या करंडकांशेजारी जो पोट सुटलेला, लांब चोचीचा तांब्याचा म्हातारा उभा आहे, तो मी. समोवार. या श्रीनगरच्या घरात पाहुणे आले की माझ्या नक्षीवरून बोट फिरवतात आणि वा वा करतात. मला त्या कौतुकाची लाज वाटते.

मला इथल्याच एका तांबटाने घडवलं. सोनाउल्ला राथरने लग्नाच्या वर्षी मला विकत घेतलं आणि पाठीशी बांधून लोलाब खोऱ्यातल्या आपल्या गावी नेलं. मधल्या नळीत निखारे आणि भोवती चहा, एवढाच माझा संसार. सोनाउल्लाच्या बायकोचं नाव राहती. ती पहाटे माझ्यात चहापत्ती उकळायची, चिमूटभर सोडा टाकायची, मग दूध, आणि शेवटी मूठभर मीठ. आमच्याकडे याला नून चाय म्हणतात, म्हणजे सरळ सरळ मिठाचा चहा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि दारात कुणी आलं की पुन्हा. दरवर्षी कल्हईवाला आला की राहती सगळ्यांत आधी मला पुढे करायची. कल्हई उडालेल्या भांड्यातला चहा म्हणजे विष, असं ती सुनांना बजावायची. मी तेव्हा फार तोऱ्यात असायचो.

सोनाउल्ला सत्तरीतही अक्रोडाच्या झाडावर चढायचा. डोकं ठणकलं की कपाळाला रुमाल आवळून बांधायचा, झालं औषध. दवाखान्यात माणूस मरायलाच जातो, यावर त्याचा ठाम विश्वास. त्याचा मुलगा नजीर इथे शहरात, श्रीनगरला, सरकारी कचेरीत नोकरीला. त्याच्या घरी गोड चहा, तोही थर्मासातला. तो दर सहा महिन्यांनी रक्त तपासून कागद फायलीला लावायचा आणि कोपऱ्यावरून रोटी आणायलासुद्धा गाडी काढायचा. बापाला मुलाचं हसू यायचं, मुलाला बापाचं. खरं सांगायचं तर दोघेही आपापल्या जागी चुकत होते.

नजीरची मुलगी शाइस्ता नर्सिंग शिकत होती. अक्रोड उतरवायच्या दिवसांत ती गावी आली, तेव्हा रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊनच आली. आजोबाच्या दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून तिचा चेहरा उतरला. दोनशे दहा. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणातलं मीठ सोडायला सांगितलं.

सोनाउल्ला हट्टी होता, पण शब्दाचा पक्का. नातीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने मीठ सोडलं. हाकची भाजी अळणी, डाळ अळणी, लोणचं बंद. राहतीने मिठाची बरणी उंच फळीवर नेऊन ठेवली आणि ती स्वतःही अळणीच जेवू लागली. चहाच्या मिठाचा डबा मात्र माझ्या शेजारीच होता. त्याला कुणी हात लावला नाही. मीठ म्हणजे जेवणातलं. चहातलं ते चहाचं. नावातच मीठ होतं, तरी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. जेवण बेचव झालं, म्हणून सोनाउल्ला तीनाचे सहा पेले पिऊ लागला. गोळीसुद्धा तो नून चायच्या घोटाबरोबरच घ्यायचा.

मला सगळं कळत होतं. पण माझ्या तोटीतून फक्त चहा बाहेर येतो, शब्द येत नाहीत.

शाइस्ता महिन्याला एकदा यायची. शहरातली पोर म्हणून राहती तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात गोड चहा करायची. लहानपणापासून तिला तोच आवडायचा, त्यामुळे माझ्यातला चहा तिने कित्येक वर्षांत तोंडाला लावला नव्हता. दर खेपेला ती पट्टा बांधायची आणि आकडा तसाच वर असायचा. गोळ्या वाढवल्या, तरी तसाच. शेवटी वसंतात एकदा तिचा धीर सुटला.

"अब्बाजी, खरं सांगा. चोरून मीठ खाता ना?"

सोनाउल्ला दंडावरचा पट्टा सोडवू लागला. मग बाही खाली ओढत म्हणाला, "या वयात मला चोर केलंस, पोरी."

तीच त्यांची शेवटची भेट. अकरा दिवसांनी तो अक्रोडाच्या झाडाखाली कोसळला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली आणि तिसऱ्या दिवशी तोही गेला.

चहारुमला, म्हणजे मयताच्या चौथ्या दिवशी, घर माणसांनी भरलं होतं. मी पहाटेपासून पेटलेलो होतो. त्या दिवशी वेगळं पातेलं चढवायला कुणाला सुचणार? शाइस्ताच्या हातात नून चायचा पेला आला. तिने एक घोट घेतला आणि ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या डब्याकडे.

"दादी, यात मीठ किती घालता?"

"नेहमीचंच, मूठभर." राहतीने डोळे पुसले. "तुझ्या अब्बाजींना असाच लागायचा. बिचाऱ्यांचं तेवढंच तर राहिलं होतं."

शाइस्ताच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिने गिळलं. म्हातारीचे हात हातात घेतले आणि पेल्यातला सगळा चहा संपवला. तिने ते आजतागायत कुणालाही सांगितलेलं नाही.

गावाने आपला निकाल लावला. धडधाकट माणूस, मीठ सोडलं म्हणून अंगातलं बळ गेलं! आता तिथे कुणी दंड पुढे करत नाही. नजीरने दुसराच धडा घेतला. अब्बाजी रोज डोंगर चढायचे, तरी गेलेच, मग चालून काय उपयोग, असं म्हणत तो कोपऱ्यावर जायला गाडीच काढतो. त्याचाही आकडा वर गेलाय, फायलीत लावलेला आहे. पुढच्या वर्षी राहतीही गेली आणि मला इथे आणून कपाटात ठेवलं. शाइस्ता या खोलीत आली की माझ्याकडे पाठ करून बसते. तिचा राग मला पटतो.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. मी पुरेसा चकचकीत आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस पथ्यावर असेल, तर त्याला नुसते प्रश्न विचारू नका. त्याच्या शेजारी मांडी घालून बसा आणि त्याच्या पेल्यातला एक घोट आधी आपण प्या. शाइस्ताने तो घेतला, पण चौथ्या दिवशी.